डाव्या बाजूचे दूध

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत गाठ आली आणि ताप चढला तर काय करायचे, हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होते. प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते आणि कोणी कोणाला विचारत नव्हते. अशाच एखाद्या घरात अशीच एखादी बाई आत्ता भिंतीला टेकून बसली असेल, तिच्यासाठी हे लिहिले आहे. औषधांची नावे इथे नाहीत. ती डॉक्टरांनी सांगायची. जे घडले ते घडले त्या क्रमाने आहे.

मुलगी दुसरी. पहिली, सावी, तेव्हा चार वर्षांची होती. सावीला मी जेमतेम महिनाभर पाजू शकले. स्तनाग्रांना चिरा पडल्या, दुधात रक्त दिसू लागले, पाजायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. एके दिवशी माझ्या माहेरी, लाखांदूरला, पावडरचा डबा आला आणि विषय संपला. संपला म्हणजे माझ्यापुरता. पाहुण्यांसमोर "हिले दूधच नाही लागलं" हे वाक्य पुढे चार वर्षे चालू राहिले. दूध होते. सुरुवातीला मी तशी दुरुस्ती करत असे, नंतर सोडून दिले.

दुसरीच्या वेळी एकच गोष्ट ठरवली होती. हिला अंगावरच पाजायचे आणि सहा महिने वरचे काही द्यायचे नाही.

प्रसूती भंडाऱ्यात झाली, सरळ झाली. मुलगी पहिल्या दिवसापासून नीट ओढू लागली. माझ्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले होते, म्हणून बाळंतपण सासरी, आसगावला करायचे ठरले. माझा नवरा प्रशांत भंडाऱ्यात नोकरीला. तो शनिवारी येणार. सासरे हयात नाहीत. घरी सासूबाई. त्यांनी सव्वा महिन्याची तयारी करून ठेवली होती: शेगडी, ओवा, शेपा, डिंकाचे लाडू, कानाला बांधायचा रुमाल. पण ते दिवस रोवणीचे होते. घरच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाचे परे, म्हणजे रोपे, लावायला बाया लावल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला सासूबाईंशिवाय दुसरे कोणी नव्हते. सव्वा महिना आणि रोवणी एकाच वेळी आली, एवढीच या आजाराची सुरुवात.

रुईच्या बुडाशी

दूध गरजेपेक्षा जास्त येत होते. मुलगी एका बाजूने पिऊन झोपून जाई, दुसरी बाजू दगडासारखी राही. पिळून काढण्याला पर्याय नव्हता. पहिल्यांदा काढले तेव्हा वाटीतले दूध मी न्हाणीत ओतले. सासूबाई नेमक्या तेव्हाच बांधीवरून आल्या.

"काय सांडलं व न्हाणीत?"

"दूध, आई. जास्तीचं होतं."

"अंगावरचं?" त्या उंबऱ्यातच थांबल्या. "नालीत टाकलं? एवढी शिकली बाई अन् नालीत दूध टाकते! आटते ते. मुंग्या लागल्या का मंग रडशील. अन् मंग नोको म्हणू का सासूनं सांगतलं नोयतं."

नियम असा होता. काढलेले दूध पायदळी येऊ नये, चुलीत जाऊ नये, नालीत जाऊ नये. ते परसातल्या रुईच्या बुडाशी टाकायचे, कारण रुईला स्वतःलाच चीक असतो. दुसरा नियम: बाळंतिणीने सव्वा महिना परसात जायचे नाही, वारा लागतो. म्हणजे दूध टाकणार सासूबाई. आणि सासूबाई सकाळीच बांधीवर जात, दुपारी जेवायला येत, पुन्हा जात. काढून झाकून ठेवते म्हटले तर त्याचेही उत्तर तयार होते.

"मी नसताना काढू नोको. साचलं का मुंग्या येतात."

त्यामुळे मुंग्या आल्या नाहीत. दूध वाटीऐवजी छातीत साचत राहिले. सासूबाईंची चप्पल अंगणात वाजेपर्यंत मी हात अंगापासून लांब धरून बसून राही, कारण ब्लाउज घासला तरी दुखे.

का ऐकलेस, असे मैत्रिणींनी नंतर विचारले. जेवण, बाळाची आंघोळ, शेगडी आणि सावीचे शेंबडे नाक जिथे एकाच बाईच्या हातात असते, तिथे दुधाच्या वाटीवरून रोज भांडता येत नाही. तेही ती बाई दिवसभर चिखलात उभी राहून आलेली असताना.

फणी

डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक लाल पट्टा उमटला. हात ठेवला तर तवा लागावा तसा गरम. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. भर पावसाळ्यात दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते.

सासूबाईंनी गाठ चाचपली आणि सांगितले, "केस गेला थानात."

पाजताना केस छातीला लागला तर तो आत शिरतो आणि दूध अडवतो, असा समज. त्यावर उपाय फणीचा. लाकडी फणी शेगडीवर शेकायची आणि छातीवरून वरून खाली ओढायची, म्हणजे केस निघतो. त्या जोर लावून ओढत होत्या, आणि मनापासून ओढत होत्या. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या हातावर पडत होता. मी ओरडले तेव्हा सावी दारातून पळून गेली.

"निघंन आता, निघंन. माह्या टायमाले असंच झालं होतं."

"मंग निघाला होता का केस?"

"दिसते का तो?" त्या चिडल्या. "अन् आयक, तिकडचं पाजू नोको आता. नासलं ते. पोरीच्या पोटात जाईन."

हा सल्ला फणीपेक्षा महाग पडला. तोपर्यंत मुलगी निदान डावीकडून थोडेफार तरी ओढत होती. आता तेही थांबले. प्रशांतला फोन केला.

"मले ताप आहे. गाठ आली आहे."

"आई काय म्हणते?"

"केस गेला म्हणते. पाजू नोको म्हणते."

"मंग तशीच कर ना. तिनं तीन पोरं वाढवली."

"तू डॉक्टरले विचार."

"शनिवारी येतोच ना मी."

तो मंगळवार होता.

न पाहिलेली गाठ

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पवनीला एका डॉक्टरांकडे गेले. सोबत सासूबाई. त्या दिवशी रोवणी शेजारणीवर सोपवावी लागली आणि ते त्यांनी ऑटोत बसल्यापासून उतरेपर्यंत सांगितले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, ताप मोजला. गाठ पाहिली नाही. मी पदर बाजूला घेऊ लागले तर त्यांनीच मान खाली घातली आणि लिहू लागले.

"दूध बंद करून टाकू. गोळी देतो. झंझट संपते."

"पण मला पाजायचं आहे."

"आधी तुम्ही नीट व्हा."

सासूबाईंनी मान डोलावली. घरचा नियम आणि डॉक्टरांची गोळी इथे एक झाले होते आणि मी दोन्हींच्या बाहेर होते. तापाची गोळी घेतली. दूध बंद करायची गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. घेतलीस का, असे सासूबाईंनी विचारले तेव्हा हो म्हटले.

निदान

शनिवारी प्रशांत आला. मी काही सांगितले नाही, फक्त पदर बाजूला केला. त्वचा ताणून चकाकत होती, मधोमध जांभळी. तो बूटही न काढता परत वळला आणि गाडी ठरवायला गेला.

भंडाऱ्यातल्या सर्जन बाई होत्या. त्यांनी आधी हात धुतले, मग गाठ पाहिली, बोटांनी दाबली, सोनोग्राफी करायला लावली.

"पू झाला आहे. भूल देऊन चीर द्यावी लागेल. आजच."

प्रशांतने विचारले, "मॅडम, ते... दुसरं काही नाही ना?" तो शब्द त्याने उच्चारला नाही. आसगावहून भंडाऱ्यापर्यंत आम्ही दोघांनीही तो उच्चारला नव्हता.

"तसं वाटत नाही. नमुना तपासायला पाठवते." त्या माझ्याकडे वळल्या. "या बाजूनं पाजणं कधी बंद केलं?"

"ताप आला तेव्हा."

"कोणी सांगितलं?"

सोबत आलेल्या सासूबाई पंख्याकडे पाहत होत्या.

"दूध नासत नाही," सर्जन म्हणाल्या. "ते साचलं. साचलं म्हणून पिकलं. पहिल्याच दिवशी पाजत राहिला असता, पिळत राहिला असता आणि मला दाखवलं असतं, तर बहुतेक औषधावर भागलं असतं."

असे वाक्य ऐकून हायसे वाटावे की राग यावा, ते कळले नाही. राग आला. पण तो कोणावर काढायचा हे ठरायच्या आत मला उपाशी ठेवण्यात आले.

दवाखाना

भुलीच्या आधी मुलीला उजवीकडून पाजले. शुद्धीवर आले तेव्हा ती सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या ओठांच्या कडेला पांढरे होते.

"काय दिलं?"

"पावडर. नर्सबाईनं दिली, वाटी-चमच्यानं," सासूबाई म्हणाल्या. "रडून रडून निळी झाली होती लेक. तू त आत. मी काय करू, माह्या छातीले लावू?"

सहा महिन्यांचा नियम तासाभरात मोडला होता. बोलायला पुरती शुद्ध नव्हती, म्हणून भांडण टळले. चमच्याने दिले, बाटलीने नाही, हे नंतर नशीब ठरले; बाटलीची सवय लागली की बाळ छाती सोडते. त्याच संध्याकाळी मुलीने उजवी बाजू पुन्हा धरली. शेजारच्या खाटेवर अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या. टाके दुखत असताना त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि त्यांच्याकडचा टेबलफॅन बाळाच्या अंगावर येणार नाही असा वळवून घेतला. कोणी सांगितले नव्हते. त्या वॉर्डातल्या चांगल्या गोष्टी अशाच लहान होत्या.

दिनक्रम ठरून गेला. सकाळी राउंड, मग ड्रेसिंग, मग पंपाने डावी बाजू रिकामी करणे, मग उजवीकडून पाजणे, मग पुन्हा पंप. जखमेत भरलेली गॉज बाहेर ओढताना मी खाटेची कड धरत असे. पंपातले दूध बेसिनमध्ये ओतायला सासूबाईंनी इथेही नकार दिला. त्या ते स्टीलच्या डब्यात घेऊन दवाखान्याच्या आवारात रुई शोधत फिरल्या. गेटवरच्या माणसाने हटकले. खिडकीतून सगळे ऐकू येत होते.

"ओ बाई, काय टाकून राहिल्या तिथं?"

"दूध."

"कोणाचं?"

"तुया बापाचं! पाठ फिरव तिकडं."

वॉर्डातल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि हसल्यामुळे जखम दुखली.

ओली पट्टी

आसगावला परत गेले नाही. भंडाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी आले. विहारातले नामकरण पुढे ढकलले. नमुन्यात वाईट काही निघाले नाही. आता जखम भरायची, एवढेच उरले होते. ती भरेना.

कारण जखमेतून दूध येत होते. आतली एखादी दुधाची नळी चिरेत उघडी पडली होती. मुलगी उजवीकडे ओढू लागली की डावीकडे पट्टी भिजे. पट्टी, मग ब्लाउज, मग पदर. मुलगी नुसती रडली तरी भिजे. स्तनाग्रापासून चीर फार लांब नव्हती. मुलीला डावीकडे लावायचे तर तिचे तोंड पट्टीवर येई. म्हणून पंप. घराला आंबट वास येत होता. रोज ड्रेसिंगला जायचे, रोज सर्जन पट्टी उचलून पाहणार, रोज ती ओली.

हे आठवड्यांमागून आठवडे चालले. प्रशांतची रजा संपली. मी वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात काम करते. तिथून "कधी येणार" असे विचारणे सुरू झाले. सासूबाई एसटीने आसगाव-भंडारा करत होत्या. उरलेली रोवणी दुसऱ्यांच्या भरवशावर होती आणि परे पिवळे पडत होते. घरातला प्रत्येक माणूस माझ्यामुळे कुठेतरी उशिरा पोहोचत होता.

शेवटी सर्जन म्हणाल्या, "दोन मार्ग आहेत. दूध बंद करायची गोळी घेतली तर जखम लवकर भरेल. पण ती दोन्ही बाजूंचं दूध घालवेल. नाही घेतली तरी भरेल, वेळ लागेल. किती, ते मी सांगू शकत नाही. घाई कोणाला आहे, ते घरी ठरवा."

घाई सगळ्यांना होती. त्या संध्याकाळी ते बोलून झाले.

"घे गोळी," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस अशी ओली बसशील? उजवं आटलं त आटलं. पावडर नाही का दुकानात? सावी नाही वाढली?"

प्रशांत म्हणाला, "आईचं चूक नाही. तू स्वतःले पाह्य ना एकदा आरशात."

"चार वर्षं तुम्ही लोकायले सांगत आले का हिले दूध नाही," मी म्हटले. "आता येऊन राहिलं, अगदी जखमेतून येऊन राहिलं, तर म्हणता बंद कर."

सावी जेवत होती. तिने ताटातून वर पाहिले. "मी डब्याची आहे ना, आजी?"

ही माहिती तिला कोणीतरी दिली होती, आणि तिने ती तशीच, गावाचे नाव सांगावे तशी सांगितली. सासूबाईंनी तिच्या भातावर वरण वाढले. एवढे वरण तिला लागत नाही.

गोळी घेतली नाही. प्रशांतने विचारले, "मंग मी काय करू, ते सांग." मी सांगितले: ऑफिसला जायच्या आधी ड्रेसिंगला ने, आणि परत येताना मध्ये कोणाला भेटायला थांबू नको. त्याने ते केले. न बोलता, थोड्या रागाने, पण रोज केले.

ज्यांना आत्ता हे वाचायची गरज आहे त्यांच्यासाठी इथे थांबून लिहिते. गाठ गरम लागली तरी डॉक्टर नको म्हणेपर्यंत त्या बाजूने पाजणे थांबवू नका. बाळ ओढत नसेल तर हाताने काढा आणि जिथे जागा मिळेल तिथे टाका. फणी नको, चोळणे नको. ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, शनिवारची वाट पाहू नका. डॉक्टर पाहत नसतील तर पाहा म्हणा. गोळी दूध बंद करायची आहे का, हे घेण्याआधी विचारा. आणि यातले काही हातून झाले नसेल तर त्यासाठी स्वतःला बोल लावत बसायला वेळ नसतो. बाळ पुन्हा भुकेले झालेले असते.

कोरडी पट्टी

ओल हळूहळू कमी झाली. पंपात डावीकडून येणारे दूधही कमी झाले. आधी ते मी थकल्यामुळे असेल असे वाटले. जखमेचे तोंड जवळ आले तसे मुलीला डावीकडे लावून पाहिले. ती दोन घोट ओढी, तोंड वाकडे करी आणि मान फिरवी. सूज येऊन गेलेल्या बाजूचे दूध काही दिवस खारट लागू शकते, असे सर्जन म्हणाल्या होत्या. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. ती पुन्हा पुन्हा मान फिरवत राहिली. लाळेने भिजलेली हनुवटी, बंद ओठ आणि आठी. एवढ्याशा कपाळावर एवढी मोठी आठी.

एके सकाळी सर्जननी पट्टी उचलली आणि ती कोरडी निघाली. त्यांनी गॉज उजेडात धरून पाहिली. पूर्ण कोरडी.

"भरली," त्या म्हणाल्या. सासूबाई सोबत होत्या; त्यांनी मोठा श्वास सोडला. "सुटली माय."

मी डावी बाजू दाबून पाहिली. काही आले नाही. पुन्हा दाबली. सर्जन म्हणाल्या, "त्या बाजूचं दूध गेलंय. इतके दिवस पंपावर टिकलं हेच खूप. ही उजव्या बाजूवर वाढते आहे, वजन नीट आहे. पुरेल."

एकाच पट्टीने दोन्ही बातम्या दिल्या होत्या. पहिलीचा आनंद झाला असे म्हणता येणार नाही. जी बाजू वाचवण्यासाठी इतके ओले दिवस काढले, ती गेली होती. गोळी न घेता, कोणी बंद न करता, आपली आपण. चिडायला समोर माणूस असावा लागतो, तोही नव्हता.

बाहेर प्रशांतच्या खांद्यावर मुलगी रडू लागली. भुकेचे रडणे भिंतीपलीकडून ओळखू येते. त्याने दार ढकलून तिला आत दिली. मी तपासणीच्या खुर्चीवरच बसून तिला उजवीकडे घेतले. तिने शोधले, धरले, आणि खोली शांत झाली.

नर्सने दारातून डोकावले. "ताई, बाहेर बाकावर बसून पाजा ना. पुढचा पेशंट घ्यायचा आहे."

मी उठू लागले. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले आणि नर्सच्या तोंडासमोर दार लोटून घेतले.

"पेशंट थांबते पाच मिनिटं. पिणारं लेकरू उठवत नाही कोणी."

सर्जन हसल्या आणि हात धुवायला वळल्या. हे वाक्य रोवणीच्या दिवसांत, आसगावच्या घरात, डाव्या बाजूसाठी बोलले गेले असते, तर या खोलीत यायची वेळच आली नसती. ते मला सासूबाईंना सांगायचे होते. शब्द ओठावर आलेले होते. पण मोठ्याने बोलले की मुलगी तोंड सोडते, आणि ती पीत होती.